हृदयाचं पंपिंग कमी झालेलं माणूस घरात आहे : तुमचे अनुभव लिहा

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, २८ टक्के आलं. निरोगी माणसाचं ५५ च्या आसपास किंवा वर असतं. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, पण आडवं होताच दम लागला तर पाठीशी काय लावायचं, हे शेजारच्या काकूंनी शिकवलं. म्हणून विचारते, तुमच्याकडे कसं निभावता?

बाबांना पहिला दम लागला तो कापूस वेचताना, ओणवं झाल्यावर. आम्ही म्हटलं, वय झालं. मग रात्री दोन-अडीचला घाबरून उठायचे, ओसरीवर जाऊन बसायचे. दमा समजून सहा महिने तोंडाने ओढायचा दम्याचा पंपच घेतला. पायावर बोट दाबलं की खळगा राहायचा. तो दिसत असूनही आम्ही थांबलो, याचं अजून वाईट वाटतं.

*

माह्या मायले बी हेच हाय. लघवीची गोळी घेतली का घडी घडी जा लागते, म्हून गावाले जायाचं असलं का गोळी खायेच नाई. यष्टीत कुठी उतरनार? लग्नाहून आली अन् दोन दिवसात पाय टम्म. चार दिवस भरती होती. मंग डॉक्टरले इचारलं, तं थे म्हने, त्या दिवशी घरी आल्यावर घे, पन सोडू नोको. आधीच इचारलं असतं तं!

*

आमच्या सासऱ्यांचं वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी. किराणावाल्याचा धान्याचा काटा आहे, त्यावरच. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, म्हणजे अंगात पाणी साठतंय, की लगेच डॉक्टरांना फोन करायचा, असं सांगून ठेवलंय. मीठ घरात सगळ्यांचंच कमी केलं. ठेचा, पापड, लोणचं ताटात दिसलं की त्यांचा जीव अडकतो, म्हणून आम्हीही त्यांच्यासमोर खात नाही.

*

मी स्वतः पेशंट, वय ४६. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप गेली. दम सोसतो मी. पण अंघोळ करून आलो की अर्धा तास खाटेवर बसावं लागतं, पोरगा बघत असतो, ते सोसत नाही. पोळ्याला बैल त्यानंच नेले. परवा बंडीत बसून वावरात गेलो, धुऱ्यावर तासभर बसलो. तूर फुलावर आहे.

मला दिवसाला दीड लिटर पाणी सांगितलंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी पाण्याचं आणि लघवीच्या गोळीचं काय सांगितलं? उन्हाळ्याच्या आत मलाही विचारून ठेवायचं आहे.