अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या कंट्री संगीताची शंभरी कुठून मोजायची?

रानवारा:
१ ऑगस्ट १९२७. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरचं ब्रिस्टल. व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीच्या राल्फ पीअरने तिथे मायक्रोफोन मांडलाय, समोर गाणी मुद्रित करायला आलेले कार्टर कुटुंबातले तिघे: ए. पी., त्याची बायको सारा आणि साराची चुलत बहीण मेबेल. मेबेल अठरा वर्षांची, दिवस भरत आलेले. गिटारच्या जाड तारांवर तिचा अंगठा चाल वाजवतो आणि बाकीची बोटं बारीक तारांवर ठेका धरतात. ४ ऑगस्टला तिथेच जिमी रॉजर्स गायला. कंट्रीचे पहिले मोठे तारे, एका आठवड्यात दोघे! अमेरिकी काँग्रेसनेही १९९८ मध्ये ब्रिस्टलला कंट्रीचं जन्मस्थान मानलं. म्हणजे शताब्दी २०२७ मध्येच.

जुनी_तबकडी:
नाही पटत. एक रॉबर्टसन या वादकाचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, व्हिक्टरनेच १९२२ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित केलं. पुढच्या वर्षी अटलांटात फिडलिन जॉन कार्सन या गायक-वादकाचं मुद्रण झालं, तेही याच पीअरने केलं, ओके कंपनीसाठी. ती तबकडी खपली म्हणून तर कंपन्या खेडोपाडी गायक शोधू लागल्या. शंभरी केव्हाच होऊन गेली.

रानवारा:
पहिली तबकडी कोणाची, एवढंच बघायचं तर तुमचं बरोबर. पण तेव्हा आवाज भोंग्यातून टिपत, त्यामुळे कार्सनला भोंग्यात तोंड घालून गावं लागलं. मायक्रोफोन आला १९२५ च्या सुमारास. सारा कार्टरचा तो साधा, घरातल्यासारखा आवाज भोंग्यातून आलाच नसता.

ओसरी:
तुम्ही दोघंही तबकडीच धरून बसलात. बँजोचं मूळ आफ्रिकेत. ए. पी. कार्टर गाणी गोळा करत फिरे तेव्हा सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. ए. पी. शब्द लिहून घेई, चाल रिडलच्या डोक्यात राही. नॅशव्हिलच्या रेडिओवरच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या कार्यक्रमाला २०२५ मध्ये शंभर वर्षं झाली. तिथला सुरुवातीचा मोठा कलाकार डीफोर्ड बेली, हार्मोनिकावाला, कृष्णवर्णीय. त्याला १९४१ मध्ये काढलं. कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे मानकऱ्यांच्या यादीत, घेतलं २००५ साली, तो जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर. शंभरी कुठलीही धरा, सोहळ्याच्या मंचावर यांची नावं पहिल्या ओळीत हवीत.

जुनी_तबकडी:
ओसरी, शंभर टक्के मान्य. १९२७ मात्र अजूनही नाही.

रानवारा:
रिडल आणि बेलीबद्दल मलाही मान्य, आधी लिहायला हवं होतं. पण १९२७ माझ्याकडून सुटत नाही. कार्टरांच्या मेसेस स्प्रिंग गावाहून ब्रिस्टल पंचवीसेक मैल, रस्ते कच्चे. मेबेल त्या अवस्थेत मोटारीत आदळत तिथवर गेली होती.