मदत हवी आहे: व्हिस्कोसच्या कुर्त्याच्या लेबलवरच्या खुणा

कोथरूडकर_०७:
नव्या कुर्त्याच्या लेबलवर डावीकडून अशा खुणा आहेत: टपात ३० आणि टपाखाली दोन रेघा, त्रिकोणात दोन तिरप्या रेघा, चौकोनात मधोमध आडवी रेघ, इस्त्रीत एक ठिपका, वर्तुळात पी आणि खाली एक रेघ. घरी टॉप लोड मशीन आहे. मशीनला लावू का? आणि या रिपरिपीत वाळवू कसा?

धागादोरा:
३० ही कमाल मर्यादा, गार पाणी केव्हाही चालतं. मशीनला सोसायटीच्या सोलरची लाइन जोडली असेल तर तेवढी बंद ठेवा. खरी गोम टपाखालच्या रेघांत आहे. त्या घुसळण्याबद्दल असतात: एक म्हणजे हलकं, दोन म्हणजे अगदी हलकं. व्हिस्कोस भिजलं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, त्यामुळे नॉर्मल सायकलला शिवणीपाशी कापड विरतं. कुर्ता उलटा करून जाळीच्या पिशवीत घाला, डेलिकेट सायकल लावा, ड्रम एक तृतीयांशच भरा, स्पिन सगळ्यात कमी. सोबत जीन्स, टॉवेल नकोत. डेलिकेट नसेल तर सरळ बादली: पाच मिनिटं बुचकळा आणि दाबून पाणी काढा. पिळायचा नाही!

त्रिकोणातल्या तिरप्या रेघा म्हणजे क्लोरीनचं ब्लीच नको, म्हणजे 'रिन आला' नावाचं ब्लीच बाद. ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर चालेल.

कडक_इस्त्री:
आडवी रेघ म्हणजे सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर पाण्याच्या वजनाने लांबी वाढते, खांदे लोंबतात. आधी कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग स्टँडवर दुसरा टॉवेल अंथरून त्यावर पसरा, वर पंखा. दोनेक तासांनी उलटा, नाहीतर खालची बाजू दमट राहून कुबट वास मारते. चौकोनाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तिरप्या रेघा असत्या तर सावलीतही ठेवावा लागला असता.

एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश. घरच्या इस्त्रीच्या डायलवरही बहुधा हेच ठिपके असतात. कोपऱ्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीला थर्मोस्टॅट कुठला? तिथे देणार असाल तर उलट्या बाजूने आणि मध्ये सुती कापड घालून करायला सांगा, नाहीतर शिवणींवर चकाकी येते.

कोथरूडकर_०७:
धन्यवाद दोघांनाही. पी आहे म्हणजे ड्रायक्लीन करावंच लागणार का?

धागादोरा:
नाही. टपावर फुली नाही, म्हणजे घरी धुवायला परवानगी आहे. ते वर्तुळ लॉन्ड्रीवाल्यासाठी असतं: पी असेल तर परक्लोरोइथिलीन हे ड्रायक्लीनचं द्रावक चालतं, एफ असेल तर फक्त हायड्रोकार्बन द्रावक. खालची रेघ इथेही 'जपून'चीच. तेलाचा डाग पडला तर द्या, आणि देताना लेबल दाखवा.