मदत हवी आहे: श्रिंक फिल्म आल्यापासून लेझर सेन्सरची मोजणी चुकते

नमस्कार मंडळी. आमच्या पॅकिंग लाईनवर कन्व्हेयरच्या एका बाजूला लाल लेझर सेन्सर आहे, समोर रिफ्लेक्टर; मधे डबा येऊन किरण तुटला की तो मोजला जातो. पूर्वी चकचकीत डब्यांवरूनच किरण परत यायचा आणि डबा मोजलाच जायचा नाही. पोलरायझिंग फिल्टरवाला (ठरावीक दिशेत कंप पावणाराच प्रकाश आत घेणारा) सेन्सर बसवला नि तो त्रास संपला. डब्यावरून परतलेल्या प्रकाशाचं पोलरायझेशन, म्हणजे कंपनाची दिशा, तसंच राहतं, म्हणून फिल्टर तो अडवतो. रिफ्लेक्टरमधल्या बारीक कोपऱ्यांतून आलेल्या प्रकाशाचं पोलरायझेशन मात्र फिरतं आणि तो आत शिरतो.

आता सहा-सहा डब्यांवर श्रिंक फिल्म (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारं प्लॅस्टिक) चढते आणि मोजणी पुन्हा चुकायला लागली. लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर फिल्म धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहिली, तर ताणलेल्या कडांवर रंगीत पट्टे दिसले. म्हणजे फिल्मच पोलरायझेशन फिरवते आणि डब्यावरचा किरण फिल्टरमधून सुटतो, असं माझं मत.

सेन्सर आणि रिफ्लेक्टर दोन्ही थोडे तिरके लावून बघितले, फरक पडला, पण कडेचा गठ्ठा अजून चुकतो. कोन आणखी वाढवू का? सेन्सिटिव्हिटी कमी करून भागेल? की सरळ समोरासमोरचा सेन्सर (एका बाजूने किरण सोडणारा, दुसऱ्या बाजूला तो घेणारा) घ्यावा? त्यासाठी पलीकडे वायरिंग ओढावी लागेल, तरी चालेल. फिल्मवर हे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगा, रोजचा हिशेब जुळत नाहीये.