रिकामा अर्ज ‘सेव्ह’ झाला! फ्रेमवर्क बदलल्यावर व्हॅलिडेशनने केलेल्या फजितीचे अनुभव

परवा रात्री साडेअकराला आमच्या टेस्टरताईंचा फोन. “अहो, नाव नाही, मोबाइल नाही, तरी अर्ज गेला की!” स्प्रिंग बूट (जावाचं वेब फ्रेमवर्क, म्हणजे ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा) २.७ वरून ३ वर गेल्याचे पेढे आम्ही त्याच संध्याकाळी वाटले होते. बिल्ड हिरवा (कोड तक्रारीविना तयार झालेला), लॉगमध्ये चकार शब्द नाही, पण व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणी, बंद.

कारण सापडायला दीड दिवस गेला. ३.० पासून (नोव्हेंबर २०२२) जावाच्या एंटरप्राइझ लायब्ररींच्या नावातल्या ‘जावॅक्स’चं ‘जकार्ता’ झालं, हे ठाऊक होतं. आमच्या कोडमधले इम्पोर्ट आम्ही बदललेही होते. पण अर्जाचे क्लास शेजारच्या टीमच्या जारमधून (तयार लायब्ररीच्या फाइलीतून) यायचे आणि त्यांच्यावर जुनंच, जावॅक्सचं @नॉटब्लँक (‘रिकामं चालणार नाही’ अशी खूण, म्हणजे ॲनोटेशन). नवा हायबरनेट व्हॅलिडेटर (ही तपासणी करणारी लायब्ररी) फक्त जकार्ताची ॲनोटेशन ओळखतो. जुनी त्याच्या लेखी नुसती शोभेची.

तुमच्याकडे काय झालं ते लिहा. डॉक्युमेंटेशनच्या लिंका नकोत, स्वतःची फजिती हवी.

* * *

आमची त्याआधीची, २०२० मधली. बूट २.३ ने वेब स्टार्टरमधून (लायब्ररींच्या तयार गठ्ठ्यातून) व्हॅलिडेशन काढून टाकलं. ज्यांचा कोड कंपाइलच झाला नाही, ते नशीबवान. आमच्याकडे व्हॅलिडेशन एपीआयची (नुसत्या खुणांची) जार भलत्याच लायब्ररीच्या मागून येत होती. त्यामुळे कंपाइल झालं, पण प्रत्यक्ष तपासणारा कोणीच नाही. सहा महिने @व्हॅलिड (‘हे तपासा’ ही खूण) नुसतं बसून होतं.

पॉममध्ये (लायब्ररींच्या यादीच्या फाइलीत) व्हॅलिडेशन स्टार्टर घातला आणि खरी गंमत सुरू झाली. मराठीत नावं भरलेले अर्ज दुरुस्तीला उघडले की अडायचे. रेजेक्समध्ये (कोणती अक्षरं चालतील त्या नमुन्यात) ‘युनिकोड अक्षरं आणि स्पेस’ एवढीच मुभा होती. पण काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या हिशेबी अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. म्हणजे ‘कमल’ पास, ‘सीमा’ नापास! चिन्हांचा गटही रेजेक्समध्ये घेतला तेव्हा सुटलो. जाता जाता: @साइझ ‘लक्ष्मी’ची लांबी ७ मोजतो. कमाल मर्यादा ठरवताना हात जरा सैल सोडा.

* * *

आम्ही जेएसएफवाले (तेही जावाचं वेब फ्रेमवर्क), आम्हाला कोणी विचारत नाही, तरी लिहितो. रिकामी चौकट ‘नल’ (काहीच नाही) धरावी अशी एक सेटिंग वेब.एक्सएमएलमध्ये असते. जकार्तावर गेल्यावर तिच्याही नावाची सुरुवात बदलते. आम्ही जावाच्या फाइलींत शोधा-बदला केलं आणि एक्सएमएल विसरलो. मग रिकामी चौकट रिकामी स्ट्रिंग म्हणून यायला लागली आणि @नॉटनल तिला खुशाल आत सोडायचा.

* * *

माझं नेमकं उलटं. स्ट्रट्स (जावाचंच आणखी एक फ्रेमवर्क) ७ वर गेलो आणि गच्च भरलेला फॉर्मही म्हणे, ‘हे रकाने आवश्यक आहेत’. सगळेच! मी दिवसभर व्हॅलिडेशनच्या एक्सएमएलमध्ये डोकं घालून बसलो, चूक तिथे नव्हतीच. आता ज्या सेटरवर (व्हॅल्यू भरणाऱ्या मेथडवर) @स्ट्रट्सपॅरामीटर नाही, त्यात बाहेरची व्हॅल्यू भरलीच जात नाही. सुरक्षेसाठी केलंय, पटतंही. पण जुन्या प्रोजेक्टमधले शेकडो सेटर हाताने शोधणाऱ्याला विचारा.

* * *

बूट ३.२ वर जाताना कंट्रोलरवरचं (विनंत्या घेणाऱ्या क्लासवरचं) @व्हॅलिडेटेड काढलं, कारण पॅरामीटरची तपासणी आता स्प्रिंग स्वतःच करतं. करतं खरं, पण एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) वेगळं फेकतं. आमचा हँडलर जुन्याचीच वाट बघत बसला. ४०० (‘विनंती चुकीची’ हा कोड) येत होता, पण फ्रंटएंडला हवी असलेली चुकांची यादी गायब.

* * *

एक बरी बातमीही असू दे. जावा ८ मध्ये व्हॅलिडेशनचे मराठी मेसेज प्रॉपर्टीज फाइलीत सरळ लिहिले की स्क्रीनवर कचरा दिसायचा, म्हणून प्रत्येक अक्षराचा युनिकोड आकडा लिहायचो. जावा ९ पासून ती फाइल यूटीएफ-८ म्हणून वाचली जाते. १७ वर आल्यावर ‘मोबाइल क्रमांक भरा’ असं देवनागरीत लिहिलं आणि तसंच दिसलं. चहा पाजला सगळ्यांना.

* * *

(धागाकर्ता) एक्सएमएलचं वाचून आमचीही फाइल उघडली, सुदैवाने तिथे काही नव्हतं. आता प्रत्येक फॉर्मसाठी रिकामा अर्ज पाठवून ४०० येतो का, हे बघणारी टेस्ट टाकली आहे. पहिल्याच फेरीत आणखी दोन फॉर्म सापडले. शेजारच्या टीमचं उत्तरही आलं: जार बदलता येणार नाही, त्यांचं एक ॲप्लिकेशन अजून जावा ८ वर आहे. तूर्तास त्यांचे क्लास आमच्याकडे कॉपी केलेत. टेस्टरताईंना अजून सांगितलेलं नाही.