आफ्रिकेच्या रानातला मुक्काम : तुमचे अनुभव लिहा

ताडोबाला आपण बहुतेक जण फाटकाबाहेरच्या रिसॉर्टात उतरतो. सफारी संपली की जंगल मागे राहतं. झांबिया, टांझानिया, झिंबाब्वेत मात्र कितीतरी लॉज राष्ट्रीय उद्यानाच्या आतच आहेत आणि अनेकांना कुंपणही नाही. तिथे राहून आलेल्यांनी सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही झांबियातल्या दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात नदीकाठच्या तंबूत होतो. अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर पडायचं नाही, जेवायला न्यायला-आणायला रखवालदार येतो. पाणघोडे दिवसा नदीत डुंबतात आणि रात्री चरायला काठावर चढतात. पहिल्याच रात्री कापडाच्या पलीकडे गवत उपटल्याचा आवाज आला, मग जड श्वास, पुन्हा गवत. नवऱ्याचा हात धरून मी कितीतरी वेळ ऐकत राहिले. भीती वाटली, पण तो आवाज थांबू नये असंही वाटत होतं.

पहाटे पायी सफारी. ही पद्धत वन्यजीव संरक्षक नॉर्मन कार यांनी लुआंग्वा नदीच्या याच खोऱ्यात रुजवली. पुढे बंदूकधारी वनरक्षक आणि गाईड, मागे आपण एका ओळीत, बोलणं बंद. जीपमधून जे नुसतं मागे पडतं, ते ठसे, लेंड्या, वारुळं, सगळं इथे वाचायला मिळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर नदीच्या उभ्या दरडीत बिळं करणारे किरमिजी वेडे राघू (बी-ईटर पक्षी) थव्यांनी दिसतील. त्यासाठी उन्हाचा त्रास सोसावा, असं माझं ठाम मत आहे.

दारेसलामकर :
टांझानियातल्या न्येरेरे राष्ट्रीय उद्यानाला जरूर जा. २०१९ मध्ये सेलू अभयारण्यातून ते वेगळं काढलं. इथून, दारेसलामहून, छोट्या विमानानं जाता येतं, पण सामान साधारण १५ किलोच आणि तेही मऊ पिशवीत. कडक सुटकेस चालत नाही. गडद निळे आणि काळे कपडे घरी ठेवा, त्यांच्यावर त्सेत्से माशा येतात आणि चावा चांगलाच झोंबतो. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. चपाती हा शब्द स्वाहिलीतही आहे, आणि घेवड्याची उसळ, भात, पालेभाजी मिळते. फक्त बुकिंगच्या वेळी कळवा.

ठाण्याची आजी :
मला गुडघ्यांमुळे चालणं जमत नाही, म्हणून मुलगा नामिबियात एतोशा राष्ट्रीय उद्यानाला घेऊन गेला. तिथल्या ओकाउकुएयोच्या मुक्कामाला कुंपण आहे. पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो, आपण बाकावर बसायचं. काळा गेंडा पाण्याशी आला तेव्हा बाकांवरची सगळी माणसं, कुठकुठल्या देशांची, एकदम गप्प झाली. माझ्या वयाच्या लोकांनी हेच निवडावं.

पक्षीवेडा :
झिंबाब्वेतल्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाबद्दल थोडं. तिथे बारमाही नदी नाही, कोरड्या दिवसांत पाणवठे बोअरवेलच्या पंपांवर चालतात. हत्ती ताजं पाणी पडतं त्या तोंडाशीच गर्दी करतात आणि मोठे हत्ती लहानांना बाजूला सारतात. पंपासाठी देणगी घेतात, जमेल तेवढी द्या.

नवी वाचक :
मुलगा नऊ वर्षांचा आहे. नेता येईल का?

धागाकर्ती :
जीप सफारीला बरेच लॉज घेतात, पायी सफारीला बहुतेक ठिकाणी बारा वर्षं पूर्ण लागतात. लुआंग्वा आणि न्येरेरे दोन्हीकडे मलेरिया आहे, तेव्हा तिकिटं काढण्याआधी मुलाच्या डॉक्टरांशी बोला.