डिझायनर दोन आणि साहेब खुर्चीमागे उभे: कामाचा ट्रॅफिक कसा सांभाळता?

नवीपेठकर:
सोलापुरात आमची छोटी जाहिरात एजन्सी आहे. साहेब, दोन डिझायनर, क्लायंट सांभाळणाऱ्या एक ताई आणि मी. माझं पद काय ते मलाच ठाऊक नाही, काम अडलं की हाक मला येते एवढं खरं. गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची यात्रा, तोंडावर आला की सराफ, साडीवाले, मोबाइलवाले, सगळ्यांना एकाच आठवड्यात फ्लेक्स पण हवा आणि पेपरात जाहिरात पण. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल २', 'फायनल पक्का'. मागच्या शनिवारी 'फायनल २' छापायला गेली. २० बाय १० चा फ्लेक्स, त्यावर दुकानाचा जुना फोन नंबर! २०० चौरस फूट परत छापलं, आमच्या खिशातून. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

जुना_ट्रॅफिकवाला:
सॉफ्टवेअरचं नंतर बघा. कुठलं काम कुणाकडे आणि कधी सुटणार हे तुम्ही सांभाळताय, त्यालाच मोठ्या एजन्सीत ट्रॅफिक म्हणतात. पुण्यात मी नऊ वर्षं हेच केलं. आम्ही प्रत्येक कामाला जॉब नंबर द्यायचो. नंबर नाही तर डिझायनर फाइल उघडणार नाही, मग क्लायंट कितीही मोठा असो. प्रत्येक कामाचं एक कार्ड, त्यावर माप, भाषा, छापायची तारीख आणि मंजुरी कोण देणार त्याचं एकच नाव. दोन नावं लिहिलीत की मेलात, कारण थोरला भाऊ हो म्हणतो आणि धाकटा लोगो मोठा करायला सांगतो. तारीख उलटी मोजायची. पेपरात शुक्रवारी यायचं तर रिलीज ऑर्डर (पेपरला द्यायची जाहिरातीची लेखी ऑर्डर) आणि आर्टवर्क (छपाईची तयार फाइल) कधी जायला हवं, त्याआधी प्रूफ, म्हणजे क्लायंटनं तपासायची प्रत, कधी. फाइलीच्या नावात जॉब नंबर आणि आवृत्तीचा आकडा. 'फायनल' या शब्दावर बंदी. एवढं साध्या गूगल शीटवर भागतं.

शाईचा_हात:
छापखान्याकडून बोलतो बे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकलेलं आर्टवर्क दाबलं जातं, डॉक्युमेंट म्हणून टाका. मराठी फाँट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकार बनवून द्या, नाहीतर आमच्या मशीनवर 'शुभेच्छा'चं काय होतं ते बघवत नाही. तेलुगू किंवा कन्नड ओळ असेल तर ती भाषा वाचणाऱ्याची सही घ्या. आम्हाला अक्षरं दिसतात, चुका दिसत नाहीत. आणि प्रूफवर सही असेल तर परत छपाईचं बिल कुणाचं, हा वादच उरत नाही.

नवीपेठकर:
कार्ड छापून घेतो. पण खरी अडचण साहेबच आहेत. चहाला जातात, येताना काम घेऊन येतात आणि थेट डिझायनरच्या खुर्चीमागे उभे राहतात. "पाच मिनिटांचं आहे." त्यांना नंबर कसा मागू?

जुना_ट्रॅफिकवाला:
नंबर मागू नका, नाही पण म्हणू नका. आज चालू असलेल्या कामांची यादी हातात द्या आणि विचारा, "साहेब, यातलं कुठलं मागं टाकू?" उत्तर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. माझा एक साहेब यादी बघून दर वेळी म्हणायचा, "राहू दे, उद्या करू."

नवीपेठकर:
आज केलं. साहेबांनी यादी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे टॉवेलवाल्याचं कॅटलॉग अजून इथंच आहे?" अकरा दिवस पडून होतं. मंजुरी त्यांच्याकडेच अडकली होती.