‘विषयी’साठी ‘अबाउट’ का चालू नये?

प्रस्ताव
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त मराठीत लिहिले जाते आणि मराठी न वाचणाऱ्या सभासदांसाठी मी त्याचा इंग्रजी अनुवाद करतो. ‘समितीने पाणीपट्टीच्या थकबाकीविषयी चर्चा केली’ या वाक्यासाठी मी ‘द कमिटी डिस्कस्ड अबाउट द एरिअर्स’ असे लिहिले, तर एका सभासदाने ‘अबाउट’ खोडून कागद परत पाठवला. ‘टॉक्ड अबाउट’ चालते, ‘डिस्कशन अबाउट’ही चालते, मग याच क्रियापदाला ते का चालू नये?

प्रतिसाद
दुरुस्ती योग्य आहे. ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद आहे आणि ज्याची चर्चा करायची तेच त्याचे कर्म असते. त्याचे मूळ लॅटिन ‘डिस्कुटेरे’, म्हणजे झटकून वेगवेगळे करणे. धान्य पाखडावे तसा विषय पाखडणे, असा अर्थ मी मनाशी धरला आहे. आपण धान्य पाखडतो, धान्याविषयी पाखडत नाही.

प्रतिसाद
व्युत्पत्ती सुंदर आहे, परंतु तिच्यावरून आजचा प्रयोग ठरत नाही, कारण त्याच मुळातून आलेल्या ‘डिस्कशन’ या नामापुढे ‘अबाउट’ बिनतक्रार येते. शिवाय ‘डिस्कस अबाउट’ भारतातच नव्हे, तर सिंगापूर आणि नायजेरियातही ऐकू येते. ब्रिटिश लोक ‘ॲट द वीकेंड’ म्हणतात, अमेरिकी लोक ‘ऑन द वीकेंड’ म्हणतात आणि दोन्ही रूपे शुद्ध मानली जातात. मग इतक्या लोकांच्या तोंडी असलेला प्रयोग केवळ आपला आहे म्हणून अशुद्ध का ठरावा?

प्रतिसाद
मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आहे. प्रयोग कितीही रुळलेला असला तरी उत्तरपत्रिकेत गुण जातात ते विद्यार्थ्याचे, म्हणून मी तो खोडतच आले. मात्र माझ्या अनुभवात ‘विषयी’पेक्षा ‘ला’ अधिक घोटाळा करतो. ‘पुण्याला पोहोचलो’वरून ‘रीच्ड टू पुणे’ होते आणि ‘त्याला विचारले’वरून ‘आस्क्ड टू हिम’. पण तोच ‘ला’ पाहून ‘टू’ गाळायला शिकवावे, तर ‘त्याला म्हणालो’ याचे ‘सेड हिम’ होते. मराठी प्रत्ययावरून इंग्रजी अव्यय ओळखण्याचा नियम मला कधीच सापडला नाही, त्यामुळे प्रत्येक क्रियापद त्याच्या सोबत्यासह वाक्यातच पाठ करून घ्यावे लागले.

प्रतिसाद
‘मॅरीड विथ’चेही तसेच आहे. आपण ‘तिच्याशी लग्न झाले’ म्हणतो आणि ‘शी’ला ‘विथ’ लावतो, पण इंग्रजीत ‘मॅरीड टू’ हवे. माझी आजी मात्र ‘थोरली सांगलीच्या वकिलाला दिली’ असे म्हणत असे. तो ‘ला’ लक्षात ठेवल्यापासून माझा ‘टू’ चुकलेला नाही.

प्रतिसाद
आठवणीची खूण म्हणून ठीक आहे, परंतु ‘दिली’ या क्रियापदासोबतचा ‘ला’ दानाचा आहे, लग्नाचा नव्हे. मला याहून गंभीर वाटते ते उलट दिशेचे आक्रमण. ‘थकबाकीवर चर्चा’, ‘शिक्षणावर व्याख्यान’ हे ‘वर’ सरळ इंग्रजी ‘ऑन’मधून उचललेले आहेत. ‘ची’ आणि ‘विषयी’ असताना त्यांची गरज काय?

प्रतिसाद
‘गीतेवरील टीका’ हा प्रयोगही आपण इंग्रजीच्या खात्यावर मांडणार का? ग्रंथाचा आधार घेऊन केलेले विवेचन त्या ग्रंथा‘वर’ असणे मराठीच्या प्रकृतीला धरूनच आहे.

प्रतिसाद
ग्रंथ हा आधार असू शकतो, थकबाकी नव्हे. टीकेचा ‘वर’ मला मान्य आहे, चर्चेचा नाही.

प्रस्तावक
‘अबाउट’ काढले आहे. परंतु पुढच्याच ठरावात ‘सभासदांनी वाढीव वर्गणीला विरोध केला’ असे वाक्य आहे आणि तेथे ‘अपोज्ड टू द हाइक’ लिहिले होते. ‘वेअर अपोज्ड टू’ असे मी वाचलेले आहे. मग येथे ‘टू’ ठेवावे की खोडावे?